मदत हवी आहे: यजमान दीर्घिकेचं वय फोटोमेट्री एक सांगते, वर्णपट दुसरंच

नमस्कार मंडळी,

एका लघु गामा-किरण स्फोटाच्या (दोन न्यूट्रॉन तारे विलीन होताना होणाऱ्या) यजमान दीर्घिकेवर, म्हणजे तो जिच्यात झाला त्या दीर्घिकेवर, काम चालू आहे. ताम्रसृती ०.५७, म्हणजे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी आपल्यापर्यंत १.५७ पट होऊन पोचते. मॉडेल प्रॉस्पेक्टर या दीर्घिकांचे गुणधर्म काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सॅम्पलिंग (शक्य उत्तरांचा शोध) डायनेस्टी या प्रोग्रॅमने. नुसती फोटोमेट्री (मोजक्या फिल्टरमधून मोजलेली प्रखरता) दिली तर ताऱ्यांचं सरासरी वय ५ अब्ज वर्षांच्या आसपास येतं, धूळ नावापुरती. वर्णपट जोडला की वय निम्म्यावर उतरतं आणि धूळ वाढते. एकूण वस्तुमान मात्र फारसं हलत नाही.

वय, धूळ आणि मेटॅलिसिटी (जड मूलद्रव्यांचं प्रमाण) यांचं त्रांगडं, म्हणजे तिन्हींनी दीर्घिका सारखीच लाल दिसणं, जुनंच आहे, त्यामुळे तेवढंच उत्तर कृपया नको. माझा संशय कॅलिब्रेशनच्या बहुपदीवर आहे. स्लिटबाहेर प्रकाश सांडतो, म्हणून वर्णपटाचा उतार फोटोमेट्रीशी जुळवायला चेबिशेव्ह बहुपदी (घात वाढेल तसा जास्त लवचीक होणारा वक्र) घेतली. घात ३ ठेवला तर निळ्या टोकाला रेसिड्युअल (मोजमाप आणि मॉडेलमधला फरक) वाकडे राहतात. १२ केला तर सगळं सरळ होतं, पण ४००० अँगस्ट्रॉमची पायरी (म्हाताऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात तिथून निळ्या बाजूला होणारी घट; ताम्रसृतीमुळे इथे ६२८० ला) बहुपदीच गिळत असावी. वयाची मुख्य खूण तर तीच!

तारानिर्मिती दाखवणाऱ्या वायूच्या रेषांचीही साथ नाही. हायड्रोजनची एच-अल्फा १०३०० अँगस्ट्रॉमला, म्हणजे डिटेक्टरबाहेर. एच-बीटा ७६३० ला, नेमकी वातावरणातल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यात, त्यामुळे मास्क केली (फिटमधून वगळली). ५८५० ची ऑक्सिजन जोडरेषा ठळक आहे, म्हणजे तारे जन्मताहेत एवढं नक्की.

वयावर अडून बसलोय, कारण न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी जन्मल्यापासून विलीन होईपर्यंत किती काळ गेला, याचा अंदाज त्यावरच बांधायचा आहे. आधीच्या उदाहरणांचा आधार घ्यावा तर २००५ सालीच एक स्फोट लंबगोल दीर्घिकेजवळ दिसला आणि दुसरा तारे घडवणाऱ्या दीर्घिकेत. २०१७ च्या गुरुत्वीय लहरीवाल्या स्फोटाची एनजीसी ४९९३ तर चांगलीच म्हातारी. तेव्हा 'बहुतेक यजमान तरुणच असतात' म्हणून धाकटं वय उचलणं मला पटत नाही.

घात किती ठेवावा, आणि कशाच्या जोरावर?

प्रतिसाद:
घाताआधी वजनं बघा. वर्णपटाचे हजारो पिक्सेल आणि फोटोमेट्रीचे मोजके फिल्टर, मग लाइकलीहुडमध्ये (मॉडेल मोजमापाशी किती जुळतं त्याच्या हिशेबात) चालणार कुणाचं? पिक्सेलच्या त्रुटी कमी लिहिलेल्या असतील तर ते खोट्या आत्मविश्वासाने वय खेचतात. नॉइजचा गुणक (त्रुटींना गुणणारा आकडा) मोकळा सोडा, म्हणजे तोही फिटमध्येच ठरेल. तारानिर्मितीचा इतिहास दोन्ही फिटमध्ये एकाच प्रकारचा आहे ना? घातांकी उताराचं सूत्र एकीकडे आणि मोकळे कालखंड दुसरीकडे असतील, तर नुसत्या प्रायरमुळेच (मोजमापाआधी धरलेल्या गृहीतकामुळे) वयात फरक पडतो.

घातासाठी खोटी दीर्घिका बनवा: वय ठाऊक असलेलं मॉडेल, तुमच्याच वर्णपटाचा नॉइज, वर स्लिटचा उतार. घात ३ पासून वाढवत न्या. दिलेलं वय परत मिळेनासं झालं की त्याच्या अलीकडे थांबा. मात्र हे ५ आणि २.५ अब्ज, दोन्ही वयांसाठी करा. वय कमी असलं की पायरी उथळ असते, आणि तेव्हा बहुपदी ती आणखी सहज गिळते.