मदत हवी आहे: रेव्हरंड, रेव्हरंट की व्हेनरेबल?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानाच्या वर्धापनदिनाची मराठी पत्रिका तयार आहे. परगावच्या कुळाव्यांच्या (हे कुलदैवत असलेल्या कुटुंबांच्या) मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून तीच इंग्रजीत करतेय. तीन जागी अडले आहे. ‘परमपूज्य स्वामीजी’ला मी ‘रेव्हरंड स्वामीजी’ केलं, ‘श्रद्धाळू भाविक’ला ‘रेव्हरंड डिव्होटीज’ आणि ‘आमचे पुरातन, पूज्य देवस्थान’ला ‘रेव्हर्ड टेंपल’. प्रुफं बघणाऱ्यांनी दुसऱ्यावर लाल रेघ मारली, कारण लिहिलं नाही. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

प्रतिसाद १

रेघ योग्य जागी आहे. ‘रेव्हरंड डिव्होटीज’ म्हणजे ‘पूजनीय भाविक’. पूजा करणारा आणि पूजा घेणारा यांची अदलाबदल झाली.

संस्कृतातला ‘वंद्’ धातू घ्या, घोटाळा लगेच सुटतो. वंदनीय म्हणजे ज्याला वंदन करायला हवं तो, वंदित म्हणजे ज्याला लोक वंदन करतात तो, वंदमान म्हणजे वंदन करणारा. रेव्हरंड, शेवटी डी, हा वंदनीय. लॅटिनमधलं हे रूप आपल्या ‘अनीय’ प्रत्ययासारखंच चालतं: अजेंडा म्हणजे करणीय गोष्टी, मेमोरँडम म्हणजे स्मरणीय, डिव्हिडंड म्हणजे वाटून द्यायचं ते. रेव्हरंट, शेवटी टी, हा वंदमान. आणि तुमचा तिसरा शब्द वंदित. त्याचा उच्चार मात्र ‘रेव्हर्ड’ नव्हे, ‘रिव्हिअर्ड’, जोर ‘व्हिअर्ड’वर. निवेदकाला हे आधीच सांगून ठेवा, माइकवर हमखास चुकतं.

म्हणून भाविकांना ‘रेव्हरंट’ लावायचं का? व्याकरण बरोबर होईल, पण मी लावणार नाही. डिव्होटी या शब्दातच श्रद्धा आली. मराठीत ‘श्रद्धाळू भाविक’ कानाला गोड लागतं, इंग्रजीत ते विशेषण नुसतं ओझं होतं. ‘ऑल डिव्होटीज आर इन्व्हायटेड टु जॉइन द पालखी’ एवढं पुरे. रेव्हरंट हा शब्द वागण्याला शोभतो: पालखी निघताना सभामंडपात पसरते ती रेव्हरंट सायलेन्स. तिथे ‘रेव्हरेन्शियल’सुद्धा चालतं, पण माणसाचं वर्णन करताना रेव्हरंटच बरा.

प्रतिसाद २

स्वामीजींसाठी रेव्हरंड नको. अर्थ चुकत नाही, पण इंग्रजीत ती ख्रिस्ती धर्मगुरूंची पदवी आहे आणि गोव्यात तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट चर्चच्या फेस्ताच्या (उत्सवाच्या) पत्रिकेवरचे ‘रेव्हरंड फादर’ येतात. आपल्या मठांच्या इंग्रजी पत्रिकांत ‘हिज होलीनेस’ रूढ आहे. त्यापुढे ‘श्रीमद्’सकट पूर्ण नाव द्या.

गावच्या पाद्रींना निमंत्रण जाणार असेल तर तिथे रेव्हरंड हवाच. मूळचं विशेषण असल्यामुळे वाक्यात त्याआधी ‘द’ येतो आणि पुढे पूर्ण नाव. नुसतं आडनाव जोडणं जुन्या शिस्तीत चूक धरतात. पाकिटावर ‘द’ गाळला तरी चालतो. बिशपांना ‘मोस्ट रेव्हरंड’, कार्डिनल असतील तर ‘हिज एमिनन्स’.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. देवळासाठी ‘व्हेनरेबल’ सुचतोय. पण तो गोव्याचे कॅथलिक धर्मगुरू पाद्र आग्नेल यांच्या नावाआधी लागतो ना? देवळाला लावला तर वावगं दिसेल?

प्रतिसाद २

अजिबात नाही. शब्द एक, कामं दोन.

सामान्य अर्थाने व्हेनरेबलमध्ये आदराबरोबर वय येतं. १५६० साली कुशस्थळीहून देव हलवून प्रियोळला आणला, त्या मंगेशीच्या देवस्थानाला तो शोभतो. तुमचंही पुरातन आहे, बिनधास्त लिहा. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या मंदिराला मात्र रिव्हिअर्ड म्हणावं. एक सावधगिरी: ‘व्हेनरेबल अँड एन्शंट’ अशी जोडी करू नका, वय दोनदा मोजलं जातं.

आग्नेलांच्या नावाआधीचा व्हेनरेबल म्हणजे कॅथलिक चर्चने दिलेला दर्जा. त्यांचा जन्म हणजूणचा, १८६९चा. राशोलला १९२७ साली निधन. दर्जा मिळाला १९८६ साली. याच्या पुढची पायरी ‘ब्लेसेड’, त्यापुढची ‘सेंट’. बाणावलीचे जुझे वाझ १९९५ साली ब्लेसेड झाले, २०१५ साली सेंट. त्यामुळे जुन्या पुस्तकातून मजकूर उचलताना छपाईचं वर्ष बघा, नाहीतर संताला एक पायरी खाली उतरवाल. मराठीत आग्नेलांसाठी मी ‘वंदनीय’ लिहीन. ‘संत’ आत्ताच लिहिणं चूक.

प्रतिसाद १

याच घरातला ‘व्हेनरेट’ही जपून वापरा. ओल्ड गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या बातम्यांत तो सारखा येतो आणि मराठीत सरसकट ‘पूजा’ होतो. कॅथलिक शिकवणीत पूजा फक्त देवाची. संतांना आणि त्यांच्या अवशेषांना वंदन. तिथे ‘भाविकांनी वंदन केले’ हेच बरोबर.

धागाकर्ती

आता असं झालंय: ‘इन द प्रेझेन्स ऑफ हिज होलीनेस’, पुढे श्रीमद्सकट नाव, ‘ऑल डिव्होटीज आर इन्व्हायटेड टु जॉइन द पालखी’, ‘अवर एन्शंट, व्हेनरेबल टेंपल’.

प्रतिसाद २

‘एन्शंट’ काढा. बाकी छापायला द्या.