सोसायटी ग्रुप : जुन्या वस्तूंचे व्यवहार आणि न बोलावता येणारे विक्रेते

सचिव, बी-२०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या पंधरवड्यात आपल्या नेरूळच्या सोसायटीत कार्यालयाकडे तीन तक्रारी आल्या. त्या वरवर वेगळ्या दिसत असल्या तरी मला एकाच जातीच्या वाटतात, म्हणून रविवारच्या कमिटी बैठकीआधी येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. ए-६०३ यांनी विकून टाकलेल्या स्कूटरचे ई-चलान अजूनही त्यांच्याच मोबाइलवर येत आहेत, बी-७०२ यांच्या चिरंजीवांनी घेतलेला जुना मोबाइल आठवड्याच्या आत निकामी झाला, आणि ‘मोफत पाणी तपासणी’च्या नावाखाली दोन तरुण डी विंगमध्ये घरोघर फिरून गेले. अशा व्यवहारांबाबत कायदा काय सांगतो आणि सोसायटीने काही नियम करावा का, यावर कृपया मते द्यावीत. शुभ सकाळचे संदेश आजच्यापुरते बाजूला ठेवावेत, ही विनंती.

ए-६०३ :
माझी तक्रार सविस्तर लिहितो, कारण यात चूक माझीही आहे. २०२३ च्या दिवाळीत मी माझी जुनी स्कूटर शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला दिली. त्याने गाडीची मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर माझ्या कोऱ्या सह्या घेतल्या, आरसी बुक ठेवून घेतले, एका साध्या कागदावर डिलिव्हरी नोट लिहून दिली आणि ‘काका, आठ दिवसांत नाव बदलून जाईल’ असे सांगून अठरा हजार रुपये हातावर ठेवले. मीही पैसे मोजले आणि विषय डोक्यातून काढून टाकला. आजपर्यंत नऊ चलान आले आहेत. कुठे हेल्मेट नाही, कुठे तिघे बसलेले, कुठे सिग्नल तोडलेला. तुर्भ्याच्या चलानातल्या फोटोत मागच्या मडगार्डवर माझ्या मुलीने शाळेत असताना चिकटवलेला गणपतीचा स्टिकर स्वच्छ दिसतो, त्यामुळे गाडी माझी नव्हे असे म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरे विकली जातात आणि तिथल्या माणसाला आधीच्या भाडेकरूबद्दल काहीही माहिती नाही.

बी-७०२ :
आमचा प्रकार त्या मानाने लहान आहे. मुलाने कॉलेजमधल्या ओळखीच्या ओळखीने साडेसात हजारांना एक फोन घेतला. बिल नव्हते, खोके नव्हते. सहाव्या दिवशी त्यावरचे नेटवर्क गेले आणि दुसरे सिम टाकूनही परत आले नाही. दुरुस्तीवाल्याने आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहून सांगितले की हा फोन हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची नोंद असून तो ब्लॉक झालेला आहे. विकणारा आता फोन उचलत नाही. माझा प्रश्न असा की आम्ही पैसे मोजून घेतलेली वस्तू आमची नाही का?

सी-५०१ (वकील) :
बी-७०२ यांच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चा गाभा असा की विकणाऱ्याकडे जितका हक्क असेल त्याहून अधिक हक्क तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. कायद्यात काही मोजके अपवाद आहेत, परंतु चोराकडून आलेली वस्तू तुम्ही कितीही प्रामाणिकपणे विकत घेतली तरी मूळ मालकाचा हक्क सहसा बुडत नाही. तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, हे खरे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होती. मात्र ‘मानण्यास कारण’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. वीस हजारांचा फोन साडेसात हजारांना, तोही बिलाशिवाय मिळतो, तेव्हा तो स्वस्त का मिळतो आहे हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, असे उद्या कोणी विचारू शकते. फोन स्वतःहून पोलीस ठाण्यात जमा करा आणि विकणाऱ्याशी झालेले संदेश पुसू नका.

यापुढे जुना फोन घेताना एक मिनिट खर्च करावे. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय दिसतो. ‘केवायएम’ हे तीन इंग्रजी अक्षरांतले संक्षिप्त रूप, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला किंवा ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासले, तर फोन काळ्या यादीत आहे का ते तिथल्या तिथे कळते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत झालेल्या दुरुस्तीने जुन्या फोनच्या व्यवहारापूर्वी ही पडताळणी करणे बंधनकारक केले आहे. आयएमईआयमध्ये फेरफार करणे तर २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाखाली तीन वर्षांपर्यंतची कैद, पन्नास लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही ओढवून घेणारे आहे.

आता ए-६०३ यांच्या गाडीविषयी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. बहुतेक लोक पहिला अर्धा भाग विसरतात. नाव बदलणे हे घेणाऱ्याचे काम, अशी सर्वांची समजूत असते. आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितले. तिथे गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच नोंदणीकृत मालकावर टाकली. म्हणून काका, नऊ चलान हा तुमच्या त्रासातला स्वस्त भाग आहे. त्या स्कूटरने उद्या कुणाला धडक दिली तर काय, ही खरी काळजी आहे.

वाईट वाटते ते याचे की तुमच्या विक्रीच्या वेळी उपाय अस्तित्वात होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या, नोंदणीकृत गाड्यांच्या दुकानदाराला आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले. हे अधिकारपत्र पाच वर्षांसाठी असते. गाडी दुकानदाराच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी मध्ये पोर्टलवर सूचना द्यायची, आणि ती दिली की नवा ग्राहक मिळेपर्यंत गाडीच्या बाबतीत दुकानदारच मालक मानला जातो. त्याला ती गाडी चाचणी, प्रदर्शन, रंगकाम, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. तुमच्या दुकानदाराने २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या याचा अर्थ तो स्वतः कागदावर यायलाच तयार नव्हता. मागील व्यवहारांत मी हे पुष्कळदा पाहिले आहे. दुकानदार मधल्या मध्ये अदृश्य राहतो आणि कोऱ्या सहीवर शेवटच्या ग्राहकाचे नाव पडते, किंवा पडतच नाही.

डी-१०४ :
वकील ताईंनी नेमके सांगितले. मी पाण्याच्या तपासणीबद्दल लिहिते, कारण ते दोघे माझ्याच घरात पाऊण तास बसले होते आणि बत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला तो प्रयोग ओळखीचा होता.

त्यांनी दोन पेले मागितले. एकात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतले ‘शुद्ध’ पाणी. मग पिशवीतून एक यंत्र काढले, ज्याला खाली चार सळ्या होत्या, दोन लोखंडाच्या आणि दोन अॅल्युमिनियमच्या. ते दोन्ही पेल्यांवर ठेवून विजेला जोडले. दोन मिनिटांत नळाच्या पाण्याला आधी हिरवट आणि मग तपकिरी रंग चढला, वर साका धरला, आणि बाटलीतले पाणी काचेसारखे राहिले. ‘आई, हे सगळे तुमच्या पोटात जाते’ असे म्हणून त्यातल्या एकाने इतका दुःखी चेहरा केला की क्षणभर मलाही स्वतःची कीव आली. वास्तविक तो साका पाण्यातला नसून त्यांच्याच सळीचा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा तपकिरी गाळ बनतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, याच्याशी या रंगाचा काडीचाही संबंध नाही.

मी त्यांच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकले आणि यंत्र पुन्हा ठेवायला सांगितले. ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही लवकर काळवंडले. त्यानंतर दोघांनी फारसे न बोलता सामान आवरले. परंतु समोरच्या आजींनी तोपर्यंत त्यांच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रासाठी तीन हजार रुपये आगाऊ दिलेले होते, आणि त्यांच्या हातात असलेल्या कागदावर ना कंपनीचा पत्ता आहे ना जीएसटी क्रमांक. महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होऊन येते. ते पावसाचे साठवलेले पाणी आहे, त्यात क्षार मुळातच कमी. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण योग्य मानते. आपल्या टाक्या वेळेवर धुतल्या जातात का, हा प्रश्न मात्र मी रविवारी विचारणार आहे.

सी-५०१ (वकील) :
बाईंच्या प्रयोगाला दाद द्यावी तेवढी थोडी. आजींच्या पैशांबाबत सांगते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूच्या गुणांविषयी खोटा समज करून देणे, बिल न देणे, आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे, या तिन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा; यंत्र अजून बसवलेले नाही ही तुमची जमेची बाजू आहे.

न बोलावता येणाऱ्यांबाबत डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांत स्पष्ट लिहिले आहे की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, आणि गेल्यावर सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो हे खरेखरे सांगावे. मात्र हे नियम साखळी पद्धतीच्या थेट विक्रीसाठी आहेत. दारावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला ते लागू होतात असे समजू नये, आणि घरी येऊन केलेली विक्री मन बदलले म्हणून रद्द करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. म्हणूनच फाटकावर नियम असणे उपयोगाचे आहे.

बी-४०१ :
दारावरच्यांचे ठीक, पण दिवसाला चार वेळा कर्जत-खोपोलीच्या प्लॉटसाठी येणाऱ्या फोनचे काय? फाटकावर तर ते थांबत नाहीत.

सी-५०१ (वकील) :
त्यासाठी १९०९ हा तक्रार क्रमांक आहे. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच यायला हवेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला तर तो नियमबाह्य. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि अशा बिननोंदणीच्या क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे कॉल नको असलेल्यांच्या यादीत, नाव असण्याची अट राहिलेली नाही. क्रमांक, तारीख आणि कशाबद्दल बोलले ते लिहून ठेवा.

ए-१०२ :
चर्चा चांगली चालली आहे, तरी एक शंका मांडतो. उद्या आपण आपल्या रद्दीवाल्याकडेही ओळखपत्र, पावती आणि परवाना मागणार का? तो माणूस वीस वर्षे येतो आहे, उन्हातान्हात गोणी खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. मोठे ठक सुटून जातात आणि आपण गरिबाची अडवणूक करतो, असे व्हायला नको.

सी-५०१ (वकील) :
दादांचा मुद्दा मला पटतो. वर्तमानपत्राच्या रद्दीला पावती नको; काट्यावर वैधमापन विभागाचा ताजा शिक्का आहे का, एवढे पाहिले तरी काटा मारण्याची शंका फिटते. भंगारात पितळी नळ, तांब्याची वायर, सायकल, पंप किंवा मोटार जाऊ लागली की मात्र गोष्ट बदलते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ ने गहाणवट घेणारा, जुन्या वस्तूंचा व्यापारी आणि धातुकाम करणारा यांना एकाच रांगेत बसवले आहे. चोरीच्या मालाचे वर्णन पोलिसांनी लेखी कळवले असताना तशी वस्तू जवळ असेल किंवा पुढे आली, तर त्याने ताबडतोब खबर दिली पाहिजे. अशी वस्तू वितळवली किंवा ओळखू येणार नाही अशी केली, तर पुढच्याच कलमात वेगळी शिक्षा आहे. आपल्या तळमजल्यावरचे अग्निशमनाचे पितळी नोझल गेल्या पावसाळ्यात कुठे गेले, हे आठवावे. तो माल कुठल्या तरी भंगारवाल्याने घेतलाच असेल.

सचिव, बी-२०२ :
सर्वांच्या मतांवरून रविवारसाठी ठरावाचा मसुदा असा करतो. सभासदाने ज्याला स्वतः बोलावले आहे त्याचा फ्लॅट क्रमांक फाटकावर कळवावा, त्याला कोणी अडवणार नाही, कारण कोणी कुणाकडून काय घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला नाही. न बोलावता आलेल्या विक्रेत्याला विंगमध्ये सोडले जाणार नाही. रद्दी सोडून कोणतीही जुनी वस्तू, यंत्र, वाहन किंवा धातूचे भंगार बाहेर जाताना सभासदाच्या सहीचा गेट पास लागेल आणि नेणाऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक नोंदवहीत उतरवला जाईल. रद्दीवाला पूर्वीसारखाच येईल.

ए-६०३ :
मसुद्याला माझी संमती आहे. आत्ताच कपाटातली जुनी फाइल उपसली आणि डिलिव्हरी नोट सापडली. खाली केलेली सही वाचता येत नाही, दुकानाचा शिक्का अर्धा उमटला आहे, पण तारीख, गाडीचा क्रमांक आणि सायंकाळी साडेसहाची वेळ स्पष्ट आहे. सोमवारी आरटीओत जाऊ का, की एवढ्यावर काही होणार नाही?

सी-५०१ (वकील) :
तारीख आणि वेळ आहे, म्हणजे सुरुवात करता येते. चौदा दिवसांची मुदत टळली असली तरी कलम ५० खालील विक्रीची सूचना लेखी द्या. आधी पोलीस ठाण्यात दुकानदाराविरुद्ध तक्रार अर्ज द्या आणि त्याची प्रत आरटीओच्या अर्जाला जोडा. नऊही चलानांचे फोटो छापून न्या, विशेषतः स्टिकरवाला. मूळ नोट कोणाच्याही हातात देऊ नका, छायाप्रतच द्या, आणि तुमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का बसल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

ए-६०३ :
ठीक आहे ताई. छायाप्रती आजच काढून ठेवतो.