विषय: ओस्तुनीचं घर विकायचं आहे, ऑलिव्हच्या बागेसकट. आधी मंडळींना कळवते

प्रेषक: मावशी, ओस्तुनी

नमस्कार मंडळी,

गणपतीत भेटलो तेव्हा काहींच्या कानावर घातलंच होतं. आम्ही इथलं, म्हणजे दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातलं, घर विकायचं ठरवलं आहे. यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आता शिडीवर चढणं बंद. लेक तोरिनोला बोलावते आहे. दलालाकडे जायच्या आधी आपल्या माणसांना विचारावं, असं दोघांच्याही मनात होतं.

घर ओस्तुनी आणि चेल्ये मेस्सापिकाच्या मधल्या एका कोन्त्रादात आहे. कोन्त्रादा म्हणजे आपल्याकडची वाडीच. ब्रिंदिझीचा विमानतळ गाडीने पाऊण तासावर. दोन जुने ट्रुल्लो आहेत, म्हणजे निमुळत्या दगडी छपराच्या खोल्या. छपराला चुना नाही, सिमेंट नाही, नुसते चपटे दगड एकावर एक रचलेले. त्यांना लागून गोठा होता, तो आम्ही २००९ साली रीतसर परवानगी घेऊन राहण्याजोगा केला. सगळं मिळून २१० चौरस मीटर, तीन झोपायच्या खोल्या आणि पंचवीस पानं उठतील एवढं स्वयंपाकघर. जमीन दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकराच्या आसपास. भोवती चुना-माती न लावता रचलेल्या दगडांचे गडगे आहेत, थेट राजापूरला माझ्या आजोळी आहेत तसे, फक्त जांभ्याऐवजी पांढरा चुनखडक. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हाच मी यांना म्हटलं, घर हेच घ्यायचं.

भिंती जवळजवळ मीटरभर जाड. जुलैत बाहेर ३८ अंश असले तरी आत पंखा लागत नाही. हिवाळ्यात मात्र दगड गारठतो, हे आधीच सांगते. नोव्हेंबर ते मार्च लाकडाची शेगडी पेटती ठेवावी लागते. छाटणीचं लाकूड तिला पुरतं, विकत आणावं लागलं नाही कधी. गोठ्याच्या छपरावर साडेचार किलोवॅटचे सोलर पॅनल आहेत. सांडपाणी बोरूच्या वाफ्यातून गाळून कुंपणाच्या डाळिंबांना जातं.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या घराचा जीव तिथे आहे. पुल्यामध्ये जमिनीवर नद्या जवळपास नाहीतच, खडक सगळं पाणी पिऊन टाकतो. सेले नदीचं पाणी डोंगरापलीकडून कालव्याने आणलं, ते १९१५ साली बारीला पोहोचलं. त्याआधी सगळी भिस्त पावसाच्या टाक्यांवर. आमच्या अंगणाखाली खडकात कोरलेली तशीच टाकी आहे, ४० हजार लिटरची. छपराचं पाणी तिच्यात उतरतं. पहिल्या पावसाचं आत घ्यायचं नाही, उन्हाळाभराची धूळ त्याच्याबरोबर येते. पन्हळीच्या तोंडाशी दगडाची गुडदी बसवायची, ते पाणी अंगणात सोडायचं आणि दुसऱ्या सरीला गुडदी काढायची. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी शिकवलं हे मला.

झाडं ९६. त्यातली ११ इतकी जुनी की खोडाला तीन माणसांनी कवेत घ्यावं. आणि ९६ पैकी २३ झाडांना झायलेला, म्हणजे ऑलिव्हची झाडं वाळवणारा जीवाणू, लागला आहे. घर पाहायला यायच्या आधीच हे कळलेलं बरं. किंमत ३ लाख ६० हजार युरो ठेवली आहे.

तुमची मावशी


प्रेषक: भाचा, मिलान

मावशी, नमस्कार.

आम्ही दोघंही घरून काम करतो आणि दोन वर्षं असंच काहीतरी शोधतो आहोत. पण मागच्या वर्षी पुल्याच्याच दक्षिणेला, लेच्चेहून गाल्लीपोलीला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी, वाळलेली झाडं पाहिली. बायको गाडीत रडली. तुमच्या बागेचंही तसंच होणार असेल, तर आम्ही नक्की काय विकत घेतो आहोत? आणि इंटरनेटचं काय?


प्रेषक: मावशी, ओस्तुनी

बाळा, बरं केलंस विचारलंस.

हा जीवाणू २०१३ साली गाल्लीपोलीच्याच भागात पहिल्यांदा सापडला. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तो तुंबवतो. आधी शेंड्याची पानं टोकाकडून करपतात, मग फांदी, मग झाड. औषध नाही. पसरवतो तो एक छोटा तुडतुड्यासारखा किडा. त्याची पिल्लं वसंतात गवतावर थुंकीसारख्या फेसात बसलेली असतात. म्हणून पिल्लं फेसात आहेत तोवरच, एप्रिल संपायच्या आत, गवत काढून बाग वखरून घ्यायची. त्यांना पंख फुटले की समजायचं उशीर झाला. आम्ही एकही वर्ष चुकवलं नाही. दक्षिणेइतकी दैना इथे झालेली नाही, पण उद्याचा शब्द मी देऊ शकत नाही.

आमची बहुतेक झाडं ओल्यारोला जातीची, ती या रोगाला सहज बळी पडते. लेच्चीनो आणि फावोलोझा या दोन जाती तग धरतात. वाळलेल्या सहा झाडांच्या जागी आम्ही फावोलोझाची रोपं लावली, आणि चार जुन्या खोडांवर लेच्चीनोची कलमं बांधली. तीन जगली. मार्चमध्ये साल सुटायला लागली की काप घेऊन काडी आत सरकवायची, वर मेण, मग कापड. आजोबा आंब्याची कलमं बांधायचे त्यात आणि यात हाताला फारसा फरक वाटला नाही. एका कलमाला गेल्या वर्षी मूठभर फळ धरलं, ते तोडायला मला दिवसभर धीर झाला नाही.

तेव्हा तू विकत घेतोस ते घर, टाकी आणि ही मेहनत. कुलूप लावून ऑगस्टमध्ये यायचं असेल तर ही बाग घेऊ नकोस. इथे माणूस लागतं.

फायबर वाडीपर्यंत आलेलं नाही. छपरावर अँटेना लावून मोबाइलच्या नेटवर्कवर चालतं. लेकीने इथून दोन महिने काम केलं, अडलं नाही. वादळात मात्र जातं.


प्रेषक: तोरिनोची ताई

मध्येच लिहिते, कारण आम्ही यात पोळलो आहोत. आम्ही पिएमोंतेत घर घेतलं तेव्हा दलाल म्हणाला, कागद चोख आहेत. नंतर कळलं की एक न्हाणीघर नकाशावर नव्हतंच. आठ महिने गेले. म्हणून विसार देण्याआधी आपला स्वतःचा जेओमेत्रा, म्हणजे मोजणी आणि नकाशे बघणारा तंत्रज्ञ, लावून नोंदीतला नकाशा आणि उभं घर जुळतंय का, ते तपासून घ्या.

दुसरं, शेतजमीन आहे तेव्हा शेजाऱ्याचा हक्क बघा. लागून स्वतः कसणारा शेतकरी मालक असेल, तर त्याला आधी विचारावं लागतं. रजिस्टर पत्र पाठवायचं, त्याला ३० दिवस असतात. हे टाळलं तर सौदा नोंदल्यावरही वर्षभरात तो जमीन मागू शकतो. आणि खरेदीवरचा कर: तिथेच राहायला जाणार असाल तर घरावर २ टक्के, पण १८ महिन्यांच्या आत रहिवास हलवायला हवा. नाहीतर ९ टक्के. वेगळ्या नोंदलेल्या शेतजमिनीवर शेतकरी नसाल तर १५. विसार देऊन मागे फिरलात तर तो बुडतो, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचा. मावशी फिरणार नाहीत, पण माहीत असावं.


प्रेषक: मावशी, ओस्तुनी

ताईचं शंभर टक्के खरं. पूर्वेचा शेजारी स्वतः कसतो. त्याला मी आधीच घरी बोलावून सांगितलं. जमीन नको म्हणाला, तरी पत्र रीतसर जाईल. गोठ्याचा नकाशा नोंदीत आहे, प्रत पाठवते. एक लक्षात ठेव: ती ११ मोठी झाडं मन मानेल तशी काढता येत नाहीत. मीटरभर व्यासाच्या खोडांना २००७ चा प्रांताचा कायदा लागू होतो.


प्रेषक: भाचा, मिलान

मावशी, बायकोशी रात्रभर बोललो. ठरवायच्या आधी एकदा तोडणीला येऊ का? काम करू, पाहुणे म्हणून नाही.


प्रेषक: मावशी, ओस्तुनी

या. नोव्हेंबरचा पहिला शनिवार धरा, शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या. सकाळी सातला जाळ्या अंथरायच्या. घाण्यावर आम्हाला संध्याकाळी सातची वेळ मिळाली आहे. फळ त्याच दिवशी गाळलेलं बरं, रात्रभर राहिलं की तापतं. जाड तळाचे बूट आणा, पावसानंतर लाल माती फार चिकटते. मोजे दोन जोड. भाकऱ्यांचं पीठ माझ्याकडे आहे, तुम्ही येताना लसणाची चटणी तेवढी घेऊन या, नवीन तेलाबरोबर खायला.