मदत हवी आहे: नर्व्हची सोनोग्राफी मुंबईत कुठे चांगली होते?
आईची (वय 62) उजवी करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट तीन महिने बधिर आहे, आता पकडही सैल झालीय. एनसीव्हीत (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) कोपराशी अल्नर नर्व्ह (कोपरामागून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दबलीय असं आलं, शुगर, बी12 नॉर्मल, रात्री स्प्लिंट लावून सहा आठवडे झाले, काही फरक नाही. सर्जनना ऑपरेशनआधी बघायचंय की नर्व्ह कशाने दबलीय, गाठ तर नाही ना. एमआर न्यूरोग्राफी (नर्व्हचा एमआरआय) नको कारण आईला जुना पेसमेकर आहे, एमआरआय चालत नाही, म्हणून हाय-रिझोल्यूशन सोनोग्राफीच करायचीय. जवळच्या दोन सेंटरमध्ये नर्व्हची करत नाहीत, आणि ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून असते त्यामुळे कुठेही उरकायची नाहीये. दादर ते ठाणे पट्ट्यात, कोपर वाकवून नर्व्ह जागेवरून सरकते का तेही बघणारे रेडिओलॉजिस्ट कोणाला माहीत आहेत का, आणि खर्च साधारण किती येतो?