झेडझेड प्लांटचे कंद कुजतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडला राहतो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात एका नर्सरीतून झेडझेड प्लांट आणलं. चकचकीत पानं बघून मोह आवरला नाही, शिवाय 'पाणी कमी लागतं, सहसा मरत नाही' असं सांगितलं होतं. पडवीत उत्तरेच्या खिडकीशी ठेवलं. आगोट (पावसाळ्याची सुरुवात) लागली आणि खालची पानं पिवळी पडू लागली. काल एक दांडा नुसता हाताला लागला तर अलगद निघूनच आला. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत, कुबट वास. फार वाईट वाटलं.

कुंडी उपडी केली तर आत निव्वळ कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), पिळलं की पाणी गळेल इतकं ओलं. मी तर १५ दिवस पाणीच घातलं नव्हतं! पण इथल्या दमट हवेत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कोकोपीट कुठून वाळणार. बटाट्यासारखे चार कंद निघाले. दोन पार गेलेत, दोन टणक आहेत. कुजका भाग कापून ते कागदावर पसरून ठेवलेत.

आता किती दिवस सुकवून लावू? मातीत जांभ्याचे बारीक खडे आणि नदीची जाड वाळू घातली तर चालेल का? (समुद्राची वाळू खारट, ती नकोच.) तुटलेल्या दांड्यावरची चांगली पानं खोचली तर हळूहळू कंद धरतात म्हणे, पण या दिवसांत टिकतील का? किनारपट्टीवर झाडं वाढवणाऱ्यांनी जरूर सांगा, घाटावरचे उपाय इथे लागू पडत नाहीत.