‘नखरार’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आर्मेनियाच्या बग्रातुनी घराण्यावर एक लेख मराठीत आणतोय. त्यात ‘नखरार’ (जुन्या आर्मेनियातला पिढीजात जमीनदार उमराव) हा शब्द पावलोपावली येतो. मी आधी ‘सामंत’ लिहिलं, मग ‘मांडलिक’. दोन्ही खटकतायत. हे बग्रातुनी पुढे राजे झाले, पण आधी नखरारच होते. मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘मांडलिक’ आधी काढून टाका. मांडलिक म्हणजे दुसऱ्या राजाला खंडणी देणारा राजा. नखरार राजा नव्हता. ‘सामंत’ चालेल, पण शाळेच्या पुस्तकातला वास येतो.

प्रतिसाद : माझं मत ‘वतनदार’ला. नखराराकडे जमीन असायची आणि बहुधा दरबारातलं एखादं पिढीजात कामही. मामिकोनियन घराण्याकडे सेनापतिपद होतं. बग्रातुनींकडे नव्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा मान. त्या मानाला ‘थागादीर’ म्हणत. त्यातला ‘थाग’ आणि आपला ‘ताज’ एकाच इराणी मुळाचे. जमीन राजाच्या मेहेरबानीवर नाही, घराण्याच्या हक्काची. घराण्याच्या प्रमुखाला ‘तानुतेर’ म्हणायचे, शब्दशः घरधनी. हे वतन नाही तर काय?

गंमत म्हणजे ‘नखरार’चं मूळ पार्थियन भाषेत ‘पहिलं स्थान धारण करणारा’ असं मानतात. म्हणजे शेवटचा भाग ‘दार’चाच झिजलेला अवतार. आपल्या वतनदारातलाही ‘दार’ तोच.

प्रश्नकर्ता : हे आवडलं. पण वतनदार म्हटलं की डोळ्यांसमोर पाटील-देशमुख येतात. मुकुट घालणारा माणूस येत नाही.

प्रतिसाद : येऊ द्यात की देशमुख! आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे ‘दायाद’ म्हटलंय, म्हणजे वाटेकरी. नखराराचं आणि राजाचं नातं याहून नेमकं सांगता येणार नाही. 428 साली आर्मेनियाचं अर्शकुनी राजघराणं संपलं. मुकुट गेला, पण मुकुट घालणारे राहिले. राजा जातो, वतन राहतं.

पुढे 775 मध्ये अब्बासी खिलाफतीविरुद्धचं बंड चिरडलं गेलं आणि त्यात मामिकोनियन घराणं खचलं ते खचलंच. जागा रिकामी झाली. बग्रातुनींपैकी अशोत म्साकेरने (‘म्साकेर’ म्हणजे मांस खाणारा) कामसराकान घराण्याचे मुलूख चक्क विकत घेतले. वतनाची खरेदी-विक्री आपल्याकडच्या जुन्या कागदांत पडलेलीच असते, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. त्याच्या नातवाला, पहिल्या अशोतला, खलिफाने 862 मध्ये ‘इश्खानांचा इश्खान’ (इश्खान म्हणजे अधिपती) केलं आणि 884-85 च्या सुमारास राजमुकुट पाठवला. बायझंटाइन सम्राट पहिल्या बॅसिलनेही एक मुकुट धाडला. साडेचारशे वर्षं रिकामी राहिलेली गादी, आणि मुकुट आले दोन!

प्रतिसाद : ‘इश्खान’ला काय? सरदार?

प्रतिसाद : सरदार हलका पडतो. ‘सरदारांचा सरदार’ तर विनोदी वाटतं. ‘इश्खान’ तसाच ठेवून एकदा अर्थ द्या. पुढचे बग्रातुनी राजे ‘शहेनशहा’ही म्हणवून घेत, तो शब्द तर मराठीतलाच आहे.

अवांतर : ‘बग्रातुनी’ हे नाव ‘बगरात’वरून. त्याचं जुनं इराणी रूप ‘बगदात’, देवाने दिलेला. यातला ‘बग’ म्हणजे वैदिक ‘भग’. महाभारतातला भगदत्त आठवा.

प्रश्नकर्ता : व्वा. आता ऱ्हासाच्या भागाकडे येतो. तिथे मी ‘अंतर्गत कलह’ लिहिलंय.

प्रतिसाद : ‘भाऊबंदकी’ हा शब्द असताना ‘अंतर्गत कलह’? तिसऱ्या अशोतने 961 मध्ये राजधानी आनीला नेली, पण दोनच वर्षांत कार्स त्याच्या भावाचं वेगळं राज्य झालं. वास्पुराकान प्रांतातल्या आर्त्स्रुनी घराण्याने 908 मध्येच वेगळा मुकुट मिळवला होता, तोही अझरबैजानच्या अमीर युसुफकडून. याच युसुफने पुढे बग्रातुनी राजा पहिल्या स्म्बातला 914 मध्ये ठार केलं. पहिल्या गागिकच्या काळात आनीचं कॅथेड्रल 1001 मध्ये पुरं झालं. त्याचा वास्तुविशारद त्र्दात इतका नावाजलेला, की कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा भूकंपात कोसळलेला घुमट सावरायला त्यालाच बोलावलं होतं. पण 1020 मध्ये गागिक गेला आणि त्याचे दोन मुलगे, होव्हान्नेस-स्म्बात आणि अशोत, गादीसाठी भांडले. भाऊबंदकीच लिहा.

प्रश्नकर्ता : आणि 1045? ‘आनीचा पाडाव’?

प्रतिसाद : नाही. ‘खालसा’. होव्हान्नेस-स्म्बातने आपल्यामागे राज्य बायझंटाइन सम्राटाला देण्याचं लिहून दिलं होतं. तो वारल्यावर सरदारांनी त्याच्या पुतण्याला, दुसऱ्या गागिकला, गादीवर बसवलं. सम्राटाने त्याला कॉन्स्टँटिनोपलला बोलावून तिथेच अडकवलं, बदल्यात दुसरीकडे जहागीर दिली आणि आनी ताब्यात घेतलं.

प्रतिसाद : पण सातारा खालसा झालं ते औरस वारस नाही म्हणून. इथे तर वारस जिवंत होता.

प्रतिसाद : साताऱ्यालाही दत्तक होताच, मानला नाही एवढंच. शिवाय ‘खालसा’चा अर्थ वारसाशी बांधलेला नाही. मधला धनी काढून मुलूख थेट सरकारात जमा करणं, इतकाच तो अर्थ. वतनाच्या शब्दाला जोडी वतनाच्याच शब्दाची हवी.

प्रश्नकर्ता : ठरलं. 1045 ला खालसा. ‘पाडाव’ 1064 साठी राखून ठेवतो, सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने वेढा घालून आनी घेतलं तेव्हासाठी. तेव्हा तटावर बायझंटाइन शिबंदी होती आणि गागिक अजून परमुलखातल्या जहागिरीवरच होता.