धाकटीचे वेळापत्रक

वहिनी : नाना रुग्णालयात दाखल झाल्यापासून घरातील जेवणाखाण्याच्या आणि झोपेच्या वेळा पार कोलमडल्या आहेत. धाकटीचे अंथरूण ओले होणे केव्हाच थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले आहे, आणि मी नुसती दुसऱ्या खोलीत गेले तरी ती रडत मागे येते. सकाळपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक करून भिंतीवर लावावे, असे मनात आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

अण्णा काका : जरूर लावावे. चार वर्षांच्या मुलीला आता शिस्त लागायलाच हवी, नाहीतर ती डोक्यावर बसेल.

आत्या : अण्णा, हा प्रश्न शिस्तीचा नाही. घरातील ताण मुलांना शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो असा बाहेर पडतो. त्याबद्दल तिला रागावू नये आणि पाहुण्यांसमोर तर त्याचा उल्लेखही करू नये. मात्र लघवी करताना आग होत असेल किंवा तहान फार वाढली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

वेळापत्रकाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्या लहान मुलीला घड्याळ कळत नाही. तिला दिवस कळतो तो एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींवरून. जेवण झाले, दात घासले, गोष्ट ऐकली, दिवा मालवला, म्हणजे आता झोपायचे, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. त्यामुळे रुग्णालयातून परतायला उशीर होऊन वेळ अर्धा-पाऊण तास पुढे गेली तरी फारसे बिघडत नाही, पण क्रम शक्यतो मोडू नये. २००९ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात ४०५ माता आणि त्यांच्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा एक अभ्यास आला होता. आंघोळ, मालिश आणि शांतपणे जवळ घेणे असा ठरलेला क्रम रोज रात्री पाळल्यावर मुले लवकर झोपू लागली, त्यांचे रात्री उठणे कमी झाले आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. (त्याला पैसा बाळांची प्रसाधने विकणाऱ्या कंपनीचा होता, तेव्हा मालिशच हवे असे मी मुळीच म्हणणार नाही.)

दादा : पण आम्ही दोघे आळीपाळीने रुग्णालयात थांबतो. तिला रोज झोपवणार कोण? शिवाय सध्या जेवताना मोबाईल दिल्याशिवाय ती घास घेत नाही.

आत्या : झोपवणारे माणूस बदलले तरी चालेल, गोष्ट तीच असू दे. मोबाईलचे म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा आणि दुपारची धरून १० ते १३ तास झोप सांगितली आहे. या धावपळीत पडद्याचा तास थोडा ओलांडला तर जिवाला लावून घेऊ नका, पण निजण्यापूर्वी मोबाईल नको आणि झोपेला कात्री लावू नका.

अण्णा काका : आणि नाना कुठे आहेत म्हणून तिने विचारले तर? गावाला गेले म्हणून सांगावे का?

आत्या : नको. आजोबांना बरे नाही, डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत आहेत, एवढे खरे आणि थोडक्यात सांगावे. तिने पुन्हा पुन्हा विचारले तर पुन्हा तेच सांगावे.

वहिनी : मग भिंतीवरचे वेळापत्रक राहू देते. हत्तीची गोष्ट तिला आवडते. आज रात्री हे तीच सांगतील आणि उद्या मी. अण्णा काका, शनिवारी आम्ही दोघेही रुग्णालयात असू, तेव्हा त्या दिवशी गोष्ट आपण सांगाल का?

अण्णा काका : सांगतो. आधी मला ती कोणीतरी नीट पाठवा.